बारा कोंबड्या आणि एक काप

४ नोव्हेंबर

छोटे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. आधी मला हे सांग, कुणाला न विचारता बारा कोंबड्या मागवून ठेवायच्या आणि आपण मांडीचं हाड मोडून घेऊन मुलाकडे जाऊन पडायचं, याला काय म्हणतात? फोन तर तू उचलत नाहीस. सहा वर्षं उचलला नाहीस, आता कुठून उचलशील! म्हणून हे पत्र. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच.

काल सकाळी तो अंड्यांच्या शेडचा ड्रायव्हर दारात उभा. दोन खोके, त्यात कोंबलेल्या बारा. म्हणाला, "मोठ्या ताई, तुमच्या बहिणीच्या घराला कुलूप आहे. त्यांनी या सांगून ठेवल्या होत्या. शेड रिकामी होतेय. तुम्ही नाही घेतल्या तर बाकीच्या ज्या ट्रकमधून खाटकाकडे गेल्या त्यातूनच याही जातील."

"जाऊ देत की," मी म्हटलं. खरं तेच सांगते. हॅचरीत तीस वर्षं मी पिल्लांच्या चोची कापल्या, कोंबडी बघून मला उमाळा वगैरे येत नाही. तो खोके परत उचलायला वाकला आणि जाता जाता म्हणाला, "बरोबर आहे, तुमच्याकडून नाही व्हायचं हे. तुमचा हात कापायचा, पाळायचा नाही."

मला नाही जमणार हे दुसऱ्याने ठरवलेलं मला खपत नाही, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "ठेव तिथे, वाळवणाच्या दोरीखाली."

तर ठेवल्या. कोंबडी म्हणावं असं त्यांच्यात फारसं काही नाही. माना उघड्या, पाठीवर पिसांच्या नुसत्या काड्या, तुरे पांढरेफटक आणि एका बाजूला लोंबणारे. नखं इतकी वाढलेली की पाय टेकताना वाकडी होतात. शेजारचे घड्याळवाले भिंतीवरून डोकावले आणि म्हणाले, "काकू, या कोंबड्या आहेत की उसवलेल्या उशा?" मी हसले नाही. नंतर आत जाऊन हसले.

खोक्यांची झाकणं उघडली तर एकही बाहेर येईना. पूर्ण परस मोकळं, लिंबाच्या झाडाखाली सावली, आणि या आपल्या खोक्यात एकमेकींना चिकटून उभ्या. तासाभराने मी एकेकीला उचलून मातीत ठेवलं. त्यांनी पाय असे वर घेतले जसं काही माती चावतेय. दीड वर्ष तारेवर उभं राहायचं आणि मग एकदम जमीन, त्यांना तरी काय कळणार.

जळणाची खोली रिकामी केली आहे. खाली भुसा टाकला, बसायला आडवी दांडी ठोकली. ड्रायव्हर शेडच्या खाद्याचं एक पोतं देत होता, मी घेतलं नाही. परसातल्या कोंबड्यांना कोण डबा लावतं? मूठभर भरडलेला मका टाकला की टिपतात.

हाड कसं आहे ते कळव.

तुझी
ताई

१२ नोव्हेंबर

छोटे,

चिठ्ठी मिळाली. सहा वर्षांनंतर दोन ओळी. "पंधरा डिसेंबरला बाई येऊन कोंबड्या घेऊन जातील. तोवर तू त्यांना हात लावू नकोस." वा! हात न लावता कोंबड्या सांभाळायची विद्या तुझ्याकडे असेल तर तीही पाठव, पाकिटात जागा होती.

बाई म्हणजे त्या शाळेतून निवृत्त झालेल्या ना, ज्यांच्याकडे तुझ्या आधीच्या कोंबड्या ठेवल्या आहेस? चांगल्या असतील. माझं त्यांच्याशी वैर नाही. पण त्या रोज संध्याकाळी बारा कोंबड्यांना एकेक करून उचलून आत नेतात का, हे विचार. यांना घरी जायचं असतं हेच माहीत नाही. अंधार पडायला लागला की जिथे असतील तिथे मातीत बसतात. मग मी कमरेत वाकते, एक काखेत, एक हातात, अशा सहा फेऱ्या मारते. आत नेऊन दांडीवर बसवलं की पडतात. परत बसवते. त्यांना दांडी धरायची असते हे पायांना ठाऊक नाही. मी बोटं एकेक करून दांडीभोवती वळवून देते, लहान मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी तसं.

तू अंथरुणात पडून उंटावरून शेळ्या हाकतेस. मी इथे आहे. तर माझं ऐक. पंधरा तारखेला बाईंनी यावं, बघावं. कोंबड्या सुधारलेल्या दिसल्या तर त्या माझ्याकडे राहतील. खंगलेल्या दिसल्या तर बाईंनी खुशाल न्याव्यात, मी खोके स्वतः उचलून गाडीत ठेवीन. कबूल?

तू कबूल नाही म्हणालीस तरी मी तसंच करणार आहे.

बाराही ठणठणीत आहेत.

ताई

१९ नोव्हेंबर

छोटे,

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मागच्या पत्रात बारा लिहिल्या, तेव्हा अकराच होत्या. त्या दिवशी सकाळी एक गेली होती. पत्र लिहायला बसले ते तिला लिंबाच्या पलीकडे पुरून हात धुतल्यावर. तुला जिंकू द्यायचं नव्हतं, म्हणून खोटं लिहिलं. झालं, आता लिहून टाकलं.

मला वाटलं होतं म्हातारपण, प्रवासाचा धसका. बाकीच्या नखरे करतायत असंही वाटलं, कारण मक्याचा भरडा टाकला तरी अर्धा तसाच राहायचा. मी म्हणायचे, माजल्यात. पण गेलेलीला हातात घेतलं तेव्हा गळ्याखालची दाण्यांची पिशवी रिकामी लागली. साफ रिकामी. आणि ती मेली कुठे, तर मूठभर मक्याच्या शेजारी. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आठवडाभर मी तसाच मका टाकत राहिले.

परवा घड्याळवाल्यांनी विचारलं, "काकू, या नुसत्या जमिनीवर डोकं आपटतात, खात काहीच नाहीत, हो की नाही?" त्यांना चार इंचावरून काटे बसवायची सवय. मला तीस वर्षं हाताळून दिसलं नाही ते त्यांना भिंतीवरून दिसलं.

मग मी बादली पालथी घालून त्यांच्यासमोर बसले आणि बघितलं. नीट. एक दाणा निवडला आणि बघत राहिले. कोंबडीने टोच मारली, दाणा उडाला. परत मारली, परत उडाला. चोचीला टोक नाही, त्यामुळे दाणा धरताच येत नाही. कडक जमिनीवर वीस टोचांत दोन दाणे तोंडात गेले. मी मोजलं. शेडमध्ये खाद्याची पन्हळ भरलेली असते, त्यात बोथट चोच बुडवली की भुकटी आत जाते. म्हणून तिथे त्या जगल्या. इथे मी त्यांना मोकळं सोडलं आणि उपाशी मारलं.

छोटे, लाखो चोची कापल्या मी. पिल्लू दहा दिवसांचं, तळहातात मावणारं. अंगठा डोक्यामागे, बोट गळ्याखाली, चोच यंत्राच्या भोकात, तापलेलं पातं खाली, एक-दोन म्हणेपर्यंत धरायचं, सोडायचं. तासाला सहाशे. आणि मोठी झालेली कोंबडी खाताना एकदाही बघितली नव्हती. बघायचं काही कारणच पडलं नाही.

आता सहा वर्षांपूर्वीची, हॅचरीतल्या जेवणाच्या सुट्टीतली तुझी ती गोष्ट. तू अंडी देणाऱ्या कोंबड्यांची शेड बघून आली होतीस. सगळ्या बायकांसमोर डबा बाजूला सारून म्हणालीस, "ताई, तू एकदा चल आणि त्यांना खाताना बघ. एकदाच." आणि मी काय म्हटलं? "आई गेल्यावर याच हातांनी तुला वाढवलं. तेव्हा नाही वाटली या हातांची घाण?" तू डबा तिथेच टाकून निघून गेलीस. डबा अजून माझ्याकडे आहे, पण ते जाऊ दे.

मी चूक होते असं सरसकट मी म्हणणार नाही. पिंजऱ्यात चोची शाबूत ठेवल्या तर एकमेकींना सोलून खातात, हे तूही बघितलं आहेस. पण तू चल म्हणालीस आणि मी गेले नाही, ते चूक होतं. एवढं लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

चोचींचा काप डावीकडे किंचित उतरता आहे. अकराच्या अकरा. ओळखलास ना? माझ्या शेजारी बसून तू पिल्लं मोजायचीस.

पंधरा तारखेला अजून सव्वीस दिवस आहेत. मी हरले नाही.

ताई

२ डिसेंबर

छोटे,

कामाचं लिहिते.

मका बंद. आता घमेलं. गवंड्याचं असतं तेच. घासून, उकळत्या पाण्याने धुऊन घेतलं. त्यात भुकटीचं खाद्य कोमट पाण्यात कालवून चार बोटं उंच भरते. चोच पूर्ण बुडाली पाहिजे. ड्रायव्हरला निरोप पाठवून ते पोतं मागवलं. तो आला, घमेलं बघितलं आणि म्हणाला, "ताई, शेवटी डबा लावलाच." मी म्हटलं, "पोतं ठेव आणि तोंड बंद कर." त्याने दोन्ही केलं.

दर रविवारी वजन करते. उशीच्या अभ्र्यात कोंबडी घालायची, काट्याला लटकवायची. पहिल्या रविवारी त्यांनी असा दंगा केला की अभ्रा फाटला. आता गुपचूप लटकतात आणि खिडकीतून बघणाऱ्या म्हातारीसारखं डोकं तेवढं बाहेर काढतात. दहा जणींचं वजन वाढलं आहे. नखं मी कापली. हो, मी. एकेक पाय उजेडात धरून कापली, आणि रक्ताचा थेंब आला नाही.

शुक्रवारी एक गंमत झाली. सगळ्यात टकली आहे ना, जिला घड्याळवाले सरकार म्हणतात, ती लिंबाच्या बुंध्याशी जाऊन आडवी पडली. पाय ताणलेले, पंख पसरलेला, डोळे मिटलेले. मला वाटलं, गेली. धावत गेले तर ती अंगावर माती उडवत होती! कोणी शिकवलं हिला? दीड वर्ष तारेवर काढलं, आईसुद्धा बघितलेली नाही, आणि मातीत लोळायचं कसं ते बरोबर ठाऊक. तिच्यामागे दुसरी आली, तिसरी आली. मी पायरीवर बसले आणि रडले. घड्याळवाल्यांनी भिंतीवरून बघितलं आणि शहाण्या माणसासारखे खाली गेले.

संध्याकाळी आता सात जणी आपल्या आपण आत जातात. चार उचलाव्या लागतात.

एकीचं मात्र कठीण आहे. तिला मी चमची म्हणते. तिची वरची चोच पार नाकपुडीपर्यंत उडवलेली आहे आणि खालची चमच्यासारखी पुढे आली आहे. घमेल्यातही तिला घेता येत नाही, बाकीच्या ढकलतात ते वेगळंच. तिला मांडीवर घेते, पेला तिरपा धरते, खालच्या चोचीत खाद्य साठलं की ती मान वर करून गिळते. एका खाण्याला वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा. शेडमध्ये ही जगली कशी देव जाणे. तिचं वजन वाढत नाही, पण गेल्या रविवारपासून कमीही झालेलं नाही.

चमचीचा काप माझा नाही, हे सांगून ठेवते. कुणा शिकाऊ पोरीने केला असेल. असला काप मी उभ्या जन्मात केला नाही.

ताई

१६ डिसेंबर

छोटे,

बाई काल येऊन गेल्या. तुला त्यांनी सांगितलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक.

बरोबर दहाला आल्या. निळे खोके, वही, नाकावर चष्मा. चहा नको म्हणाल्या. मी बादली पालथी घालून दिली, त्यावर तासभर बसल्या. कोंबड्या घमेल्याशी आल्या, खाल्लं, पाणी प्यायल्या, लोळल्या. सरकार बाईंच्या चपलेवर चढून उभी राहिली. तिच्या पाठीवर आता पिसांचे कोंब आले आहेत. बाईंनी प्रत्येकीला उचलून छाती चाचपली, डोळे बघितले, पाय बघितले. मी शाळेत नापास झालेल्या पोरीसारखी भिंतीला टेकून उभी.

मग त्यांनी चमचीला उचललं. तिच्या चोचीवरून बोट फिरवलं. विचारलं, "ही कोणाच्या हातची?"

मी शिकाऊ पोरीचं नाव घ्यायला तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं. पण चमची त्यांच्या हातात होती आणि मान माझ्याकडे वळवून बघत होती, तिच्या खाण्याची वेळ होऊन गेली होती. मी म्हटलं, "माझ्या."

बाईंनी तिला माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, "भरवा हिला, भूक लागली आहे तिला." वीस मिनिटं बघत बसल्या. पेला रिकामा झाल्यावर वही मिटली आणि म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने हिच्याबद्दल फोनवर सांगितलं होतं. त्या हॅचरीत तेव्हा कापणारी एकच होती. मोठी खरं सांगते का, एवढंच बघा म्हणाली. कोंबड्यांचं काय करायचं ते मी ठरवेन, म्हणाली."

रिकामे खोके घेऊन त्या गेल्या. मी दुपारभर धुमसत होते. सहा वर्षं बोलायचं नाही आणि मग दुसऱ्याच्या हातून परीक्षा घ्यायची? घमेल्यावर एवढ्या जोरात झाकण आपटलं की सगळ्या पळाल्या. मी तुझी मोठी बहीण आहे. तुझ्या वेण्या मी घातल्या आहेत. मला पास नापास करणारी तू कोण?

पण रागावून झाल्यावर लक्षात आलं की तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं कोणालाच माहीत नाही. ते मी सांगितलं नाही तर कुणाला कधी कळणारही नाही. म्हणून लिहिते.

दीड वर्षापूर्वी निवृत्त झाल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते. डोळा गेला होता, उजवा. काम सोडण्याआधी चार महिने त्यातून धुकं दिसायचं. पातं दिसायचं नाही, पात्याची लाली तेवढी दिसायची. मी अंदाजाने कापत होते. हाताला सवय होती ना तीस वर्षांची, म्हटलं चालतंय. रोजच्या ढिगात एखादं पिल्लू जास्त ओरडायचं. जास्त ओरडलं म्हणजे काय झालं हे मला कळायचं, छोटे. चांगलं कळायचं. मी पुढचं उचलायचे. मुकादमाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत दुसरी बसली असती, आणि तिथल्या बायका माझ्या हाताचं जे कौतुक करायच्या ते संपलं असतं. एवढ्यासाठीच. उपासमार नव्हती, नाइलाज नव्हता. नाव जाऊ नये म्हणून चार महिने मी न दिसता कापत राहिले. चमची त्या चार महिन्यांतली आहे. तिच्यासारख्या आणखी किती, ते मला माहीत नाही. बहुतेक पहिल्या आठवड्यातच मेल्या असतील.

पिल्लांचं जाऊ दे असं मी पूर्वी म्हणाले असते. आता एकीला मांडीवर घेऊन दिवसातून चार वेळा बघते, तर म्हणता येत नाही. मला त्याची लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या हातांची लाज वाटली, आणि तू सहा वर्षांपूर्वी सांगत होतीस त्यापेक्षा वाईट कारणासाठी वाटली.

हे वाचून तू ठरव. आता तुला सगळं माहीत आहे. दहा कोंबड्या तुझ्या आहेत, तूच मागवल्या होत्यास. बाईंना पाठवलंस तर मी वाद घालणार नाही. खोके भरून देईन, घमेलं देईन, कोणती किती खाते, कोणतीला संध्याकाळी उचलावं लागतं, सगळं लिहून देईन. सरकारला निरोप देताना रडेनही, पण देईन.

चमची देणार नाही. तू सांगितलंस तरी नाही, हाड जुळून तू स्वतः दारात येऊन उभी राहिलीस तरी नाही. तशी ये जरूर. तुला बसायला खुर्ची देईन, बादली नाही. पण ती माझ्या हातची आहे, तिला मीच भरवणार.

आशीर्वाद.

ताई